मागचं डावं चाक

शुभांगीला तो आवाज पहिल्यांदा जाणवला तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. व्हॅन वाळुंज वस्तीवरून सुप्याच्या एमआयडीसीकडे निघाली होती. आत कामाला जाणाऱ्या बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या आणि ती नेहमीप्रमाणे मागच्या सीटवर डाव्या बाजूला, बरोबर चाकावर. लांब कुठंतरी पिठाची गिरणी चालू असावी तसा बारीक, एकसुरी घुं घुं आवाज. गाडी हळू झाली की तो खाली बसायचा, वेग घेतला की चढायचा. उजवीकडच्या वळणावर जरा मोठा व्हायचा. गिअर बदलला तरी त्यात फरक पडत नव्हता, म्हणजे तो इंजिनचा नव्हता. गाडीवाल्याच्या घरात लग्न होऊन आल्यावर एवढं तिला कळायला लागलं होतं.

"मावशी, आवाज येतोय का तुमाला?" तिनं शेजारी खिडकीशी बसलेल्या छबूबाईला विचारलं.

छबूबाई एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासायला जायची. सकाळी तिला नेहमी झोप अपुरी असायची. खिडकीला डोकं टेकवून, डोळे न उघडता ती म्हणाली, "येतोय की. कवाचा येतोय. मला तर त्याच्यावर चांगली डुलकी लागती."

गाडी शुभांगीच्या सासऱ्यांची, रंभाजी वाळुंजांची. सगळी वस्ती त्यांना नाना म्हणायची, शुभांगी मामा म्हणायची, तिचा नवरा आबा. उमेदीत त्यांनी साखर कारखान्याच्या उसाचे ट्रक चालवले, मग काळीपिवळी जीप, आणि आता ही व्हॅन. पण त्यांचं नाव झालं होतं ते कानामुळं. हायवेलगत गहिनीनाथचं गॅरेज होतं. एखाद्या गाडीचं दुखणं सापडेनासं झालं की तो नानांना बोलावून घ्यायचा. नाना लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावायचे, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. मग सांगायचे, तिसरा टॅपेट, नाहीतर पंपाचं बेरिंग. खोलून बघावं तर तेच निघायचं. गहिनीनाथ त्यांच्यापेक्षा बराच लहान. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "मी हातानं शिकलो, नाना कानानं शिकलेत."

म्हणून शुभांगी त्या सकाळी लगेच काही बोलली नाही. चाकात आवाज असता तर तो नानांनी सगळ्यांच्या आधी ऐकला असता, असं वस्तीवरचं कुणीही म्हणालं असतं. पण शुभांगीला जे माहीत होतं ते वस्तीला माहीत नव्हतं.

उन्हाळ्यातली गोष्ट. मामा अंगणात बाजेवर बसून चहा पीत होते. त्यांच्या पाठीमागं, हात लांब केला तर लागेल एवढ्यावर, शेळीचं करडू दाव्यात गुरफटलं होतं. दावं गळ्याला आवळलेलं आणि करडू जिवाच्या आकांतानं ओरडत होतं. शुभांगी घरातून पळत आली, दावं सोडवलं, करडाला मांडीवर घेतलं. मामांनी तिला पळताना बघितलं तेव्हा ते वळले.

"काय झालं?" ते म्हणाले. त्यांच्या हातातला चहा तसाच होता.

मग तिला एकेक गोष्ट उमगत गेली. मामा कुणाशीही बोलताना समोर बसायचे आणि तोंडाकडं बघत राहायचे. मोबाईल खिशात वाजायचा तेव्हा खिशावर हात ठेवून बसायचे, म्हणजे थरथर कळावी. एखादा लांबून बोलला तर चिडायचे, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नको म्हणायचे. गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखालीच असल्यानं त्याची धडधड त्यांच्या अंगातून जायची. इंजिन गुदमरलं, एखादा प्लग मारत नसला तर त्यांना अजूनही सगळ्यांच्या आधी कळायचं. कदाचित त्यामुळं त्यांना स्वतःलाही वाटत असावं की आपल्याला गाडी ऐकू येते.

तिनं नवऱ्याला सांगितलं होतं. प्रशांत कामाला होता नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत, तिथंच खोली करून राहायचा, सुट्टीला घरी यायचा.

"वय झालं त्यांचं," तो म्हणाला. "थोडं कमी ऐकू येत असंल. तू काही बोलू नको हां त्यांना. गाडी सुटली तर ते अंथरूण धरतील."

"मशीन मिळतं कानाचं."

"आबा कानाला मशीन लावतील? गहिनीनाथच्या गॅरेजवर जातील ते लावून?"

शुभांगीला ते पटलं नाही, पण ती गप्प बसली. नंतर तिला पुन्हा पुन्हा आठवत राहिलं ते हेच, की आपण गप्प बसलो तेव्हा फार अवघड गेलं नव्हतं.

दिवाळी झाली. थंडी पडायला लागली. एका सकाळी मामा गाडी पुसत होते तेव्हा त्यांना मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला काळा ओघळ दिसला. टायरवर धूळ चिकटून चिखलासारखा थर झाला होता आणि रिम ओली होती. ते खाली बसले. ओघळाला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. शुभांगी डबा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुलला होता.

"गिअर ऑइल हाय," ते म्हणाले. "ब्रेक ऑइल असतं तर पाण्यावानी पातळ लागलं असतं. हे जाड हाय, अन् वास बघ, सडक्या अंड्यावानी. ॲक्सलचं सील गेलं. आता हे लायनरवर उतरलं की ह्या चाकाला ब्रेक लागणार न्हाई. बरं झालं, वेळेत दिसलं."

त्यांनी सांगितलेलं सगळं बरोबर होतं. शुभांगी त्यांच्या समोर गेली.

"मामा, त्याच चाकातून आवाजपण येतोय. घुमल्यासारखा. दिवाळीच्या आधीपासून."

ते तिच्या तोंडाकडं बघत होते. पण तेवढ्यात छबूबाई आणि दुसऱ्या बायका फाटकातून आत आल्या आणि त्यांची नजर तिकडं गेली.

"व्हय, त्याच चाकाचं," ते म्हणाले. "सुट्टीच्या दिवशी गहिनीनाथकडं नेतो."

बायकांसमोर तिला पुन्हा, मोठ्यानं सांगावंसं वाटलं नाही. मोठ्यानं सांगितलं असतं तर का सांगावं लागलं ते सगळ्यांना कळलं असतं.

सुट्टीच्या दिवशी नानांनी व्हॅन गॅरेजवर नेली. गहिनीनाथनं चाक काढलं, ड्रम काढला, ॲक्सलचा दांडा बाहेर ओढला. सील फाटलेलं होतं. लायनर तेलानं माखले होते ते त्यानं धुतले, घासले. दांड्यावरचं बेरिंग त्यानं बोटांनी फिरवून बघितलं. ते तेलात भिजलेलं होतं, फिरत तर होतं, पण मधेच कुठंतरी बोटाला बारीक अडखळ लागल्यासारखी वाटली. त्यानं पुन्हा फिरवलं. या वेळी काही लागलं नाही.

सील का फाटलं हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. सील जुनं होऊन फाटतं, किंवा आतलं बेरिंग खिळखिळं झालं की दांडा डुगडुगतो आणि सीलला खातो. बेरिंग बदलायचं तर ते नगरहून आणावं लागलं असतं, प्रेसवर दाबून बसवावं लागलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी उभी राहिली असती.

"नाना," त्यानं मान वर करून विचारलं, "आवाज देती का गाडी मागून? घुमती का?"

नाना त्याच्या ओठांकडंच बघत होते. प्रश्न त्यांना कळला.

"न्हाई," ते म्हणाले. "आवाज आला असता तर मी आधीच आलो नसतो का तुज्याकडं?"

दुसरा कुणी असता तर गहिनीनाथनं स्वतः गाडी हायवेवर नेऊन एक फेरी मारली असती. गिऱ्हाइकाच्या बोलण्यावर तो कधी चाक बंद करत नसे. पण समोर नाना होते. त्यानं नवं सील ठोकलं, दांडा बसवला, ऑइल भरलं आणि चाक आवळलं.

दुसऱ्या दिवशी रिम कोरडी होती. शुभांगी मागं बसली, गाडी वस्तीचा कच्चा रस्ता सोडून डांबरीला लागली, वेग आला, आणि आवाज होता तिथंच होता. आता त्यात मधूनमधून खरखर मिसळत होती.

तिनं दुपारी जेवणाच्या सुट्टीत प्रशांतला फोन लावला.

"कालच चाक खोललंय गहिनीनाथनं," तो म्हणाला. "त्याला काही दिसलं नाही, आबांना काही दिसलं नाही, अन् तुला बरोबर ऐकू येतंय होय?"

"सगळ्या बायकांना ऐकू येतंय."

"मग सगळ्या बायकांनी सांगावं की त्यांना." त्याच्या मागं मशीन चालू होतं. "मी आलो की बघतो. ठेव आता."

पुढच्या आठवड्यात गाडीत करपल्यासारखा वास यायला लागला. कंपनीच्या गेटवर उतरल्यावर शुभांगीनं सहज मागच्या चाकाजवळ हात नेला. उजव्या बाजूचं चाक थंड होतं. डाव्याच्या रिमला तिला तळहात टेकवता आला नाही.

या वेळी ती मामांच्या दारापाशी गेली. काचेतून त्यांच्या नजरेला नजर देऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मामा, चाक तापतंय. डावं. लई तापतंय."

ते उतरले. वाकून रिमला बोटं लावली, मागं घेतली, थोडा विचार केला.

"ब्रेक धरतोय," ते म्हणाले. "लायनर घासून बसवलेत ना नुकतेच, जरा घट्ट बसले असत्याल. सुट्टीला ढिले करून आनतो."

चाक तापतंय आणि आवाज नाही, म्हणजे ब्रेक धरतोय. हिशेबानं तेही चूक नव्हतं. शुभांगीनं हातानं कानाकडं खूण केली. आवाज, असं ओठांनी म्हणाली. मामांनी एकदम तोंड फिरवलं. ते गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं. मागं गेटवर सायरन झाला होता, ती पळत आत गेली.

ती सुट्टी आलीच नाही.

डांबरी रस्ता हायवेकडं उतरतो तिथं एक उतार आहे आणि उताराच्या पायथ्याशी ओढ्यावर लहान पूल. सकाळची वेळ होती, उन्हं नुकती वर आली होती. उताराच्या मध्यावर खरखरीचं एकदम आदळणं झालं. सीटच्या खालून कुणी हातोडा मारतंय असे ठोके यायला लागले. छबूबाई दचकून जागी झाली. बायका ओरडायला लागल्या, नाना थांबा, नाना गाडी थांबवा. मधल्या सीटवरची एक जण त्यांच्या सीटच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. शुभांगी पुढं झेपावली, दोन सीटमधून हात घालून तिनं मामांचा खांदा धरला.

त्यांनी आरशात बघितलं. आरशात त्यांना उघडी तोंडं दिसली. त्यांनी ब्रेक दाबला तो त्याच क्षणी, आणि त्याच क्षणी मागचं डावं चाक ड्रमसकट, दांड्यासकट बाहेर निघून आलं. ब्रेक पॅडल जमिनीला टेकलं. गाडी मागून डाव्या बाजूला बसली, फरपटत आडवी झाली, पुलाचा कठडा तोडून ओढ्यात उलटली. सुटलेलं चाक पुढं एका बाभळीला जाऊन लागलं.

ओढ्यात पाणी नव्हतं, दगड होते. छबूबाई खिडकीच्या बाजूला होती, ती खाली सापडली. तिला बाहेर काढली तेव्हा ती गेलेली होती.

शुभांगीच्या गळपट्टीचं हाड मोडलं. आणखी एकीचा पाय मोडला, बाकीच्यांना टाके पडले. मामांची छाती स्टिअरिंगवर आदळली होती, पण हाड शाबूत होतं. नगरच्या दवाखान्यात सगळ्यांना अपघाताच्या एकाच वॉर्डात ठेवलं. पोलीस जबाब घ्यायला आले तेव्हा प्रशांत वडिलांच्या उशाशी उभा होता. हवालदाराचा प्रश्न तो वडिलांच्या तोंडासमोर तोंड नेऊन पुन्हा विचारायचा, जणू ते मारानं बधिर झालेत.

"चाक नुकतंच खोललं हुतं," मामा म्हणाले. "गहिनीनाथनं. सील टाकलं. आवाज काईच नव्हता. एकदम निघालं."

ते खोटं बोलत नव्हते. शुभांगी पलीकडच्या खाटेवर गळ्यात हात बांधून पडली होती. तिला ते स्पष्ट दिसत होतं, की मामांनी जे ऐकलं तेच ते सांगतायत.

त्याच संध्याकाळी गहिनीनाथला ठाण्यात नेलं. चाक नीट बसवलं नाही म्हणून बाई मेली, असं सगळीकडं झालं. कुणीतरी त्याच्या गॅरेजचा पत्रा उचकटून हत्यारं ओढ्यात फेकून दिली. त्याला घरी सोडलं, पण गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याचा अहवाल आला की गुन्ह्यात नाव लागणार, असं सांगून सोडलं.

शुभांगी घरी आली. सासू भामाबाई तिला हातानं भरवायची, तिचे केस विंचरायची. एक दिवस विंचरता विंचरता म्हणाली, "पोलीस तुला इचारत्याल. परशांत म्हणतोय, आवाज नव्हता म्हनून सांग."

"आत्या, छबूमावशीला आवाज येत होता. त्या माझ्याशी बोलल्या होत्या त्याच्यावर."

"छबू गेली बाई." भामाबाईचा हात थांबला नव्हता. "गेलेल्यापायी जित्या मानसाला आत घालायचं का? ह्या वयात?"

"अन् गहिनीनाथ?"

भामाबाईनं वेणी घातली, टोकाला रबर लावलं आणि उठून गेली.

दोन-तीन दिवसांनी गहिनीनाथ स्वतः दारात आला. आत आला नाही. दाढी वाढलेली होती. तो शुभांगीला म्हणाला, "वहिनी, नानांना माज्याबरोबर ठाण्याच्या आवारात पाठवा. गाडी तिथं हाय, चाकबी तिथं हाय. मी काय म्हणतो त्यावर कोन विश्वास ठेवनार? नाना बघून काय सांगतील ते मला मान्य हाय. माजी चूक म्हनले तर माजी चूक."

प्रशांत घरी नव्हता. भामाबाई नको म्हणत होती. मामांना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण गहिनीनाथला बघून त्यांनी टोपी घातली. शुभांगी रिक्षात त्यांच्या शेजारी बसली.

ठाण्याच्या मागं लिंबाखाली व्हॅन पडली होती, टपाचा चेंदामेंदा झालेली. चाक आणि दांडा पोत्यावर ठेवला होता. ड्युटीवरचा हवालदार म्हणाला, बघा, पण हलवू नका. गहिनीनाथ दोन पावलं मागं राहिला.

मामा पोत्यासमोर उकिडवे बसले. सील चांगलं होतं, नट जागच्या जागी आवळलेले होते. त्यांनी दांड्यावर उरलेल्या बेरिंगच्या कड्यावर बोट ठेवलं. लोखंड तापून निळं पडलं होतं. ज्या वाटेवरून गोळ्या फिरतात त्या वाटेला खड्डे पडले होते, देवी आलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखे. ते बोट कड्यावरून गोल फिरवत राहिले. एकदा. पुन्हा एकदा. त्यांना ते वाचता येत होतं. असे खड्डे एका दिवसात पडत नाहीत.

"हे महिनाभर तर वरडत असंल," ते म्हणाले.

गहिनीनाथ पुढं येऊन त्यांच्यासमोर बसला.

"नाना, मी तुमाला इचारलं हुतं. गाडी घुमती का म्हनून."

"व्हय. इचारलं हुतं."

त्यांनी मान वळवून शुभांगीकडं बघितलं. तीही खाली बसली, गळ्यात बांधलेला हात सांभाळत.

"तुला येत हुता?"

"हो."

"कवापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"छबूला?"

"त्यांनाही. सगळ्यांनाच येत होता, मामा."

"मला सांगितलं हुतंस?"

"सांगितलं होतं. नीट नाही सांगितलं. मोठ्यानं नाही सांगितलं."

त्यांनी बोटाचं तेल धोतराला पुसलं. मग म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई."

ते हळू बोलायला गेले असावेत, पण स्वतःचा आवाज त्यांना कळत नव्हता. तो आवारभर गेला. फाटकाजवळचा शिपाई वळून बघायला लागला. हवालदारानं विचारलं, काय म्हणाले? मामा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि त्याच्याकडं चालत गेले.

साहेबांच्या टेबलासमोर जबाब पुन्हा झाला. साहेब प्रश्न विचारायचे, शुभांगी मामांच्या समोर उभी राहून तोच प्रश्न ओठांनी सांगायची, मामा उत्तर द्यायचे. ऐकू कमी यायला लागून चार-पाच वर्षं झाली, असं ते म्हणाले. गहिनीनाथनं आवाजाबद्दल विचारलं, मी नाही म्हणालो. ऐकू येत असतं तर बेरिंग बदललं असतं. त्याची काही चूक नाही. लिहिणाऱ्या पोलिसानं मधेच मान वर करून बघितलं, मग पुन्हा लिहायला लागला.

मग साहेब शुभांगीला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं, ह्यांना ऐकू येत नाही?"

"होतं."

"तरी तुम्ही रोज गाडीत बसत होता? बाकीच्या बायकांना सांगितलं नाही?"

"नाही."

"घरात आणखी कुणाला माहीत होतं?"

मामा तिच्या तोंडाकडं बघत होते. हा प्रश्न तिनं त्यांच्यापर्यंत पोचवला नव्हता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. साहेबांनी थोडा वेळ वाट बघितली आणि पुढचा प्रश्न विचारला.

मामांवर गुन्हा दाखल झाला. लायसन जमा झालं. अटक होऊन जामीन मिळाला, खटला पुढं चालायचा आहे. गहिनीनाथचं नाव गुन्ह्यात लागलं नाही, पण गॅरेजवर पूर्वीसारख्या गाड्या येईनात. दुसऱ्याच्या शब्दावर चाक बंद करतो, असं त्याच्याबद्दल झालं, आणि तो स्वतःही ते नाकारत नव्हता. प्रशांत सुट्टीला घरी आला तेव्हा बायकोवर हात उगारेल असं भामाबाईला वाटलं होतं. पण जबाबात आपलं नाव नाही हे त्याला कळलं होतं. तो तिच्याकडं न बघता जेवला आणि लवकरच्या गाडीनं नागापूरला परत गेला. भामाबाई सुनेशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची, बोलायची नाही.

मामा एक दिवस सकाळी धुतलेले कपडे घालून शुभांगीसमोर येऊन उभे राहिले.

"बनुबाईकडं जायचं हाय," ते म्हणाले. "तू चल. मला एकट्याला तिचं बोलनं कळायचं न्हाई."

बनुबाई छबूबाईची आई. आपला नवरा वारल्यावर छबूबाईनं तिला आपल्याजवळ आणून ठेवलं होतं. आता शेजारपाजारचे तिला भाकरी देत होते. दोघं गेली तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती. पाठीत पार वाकलेली, पण डोळे चांगले होते. तिनं मामांना ओळखलं. बसा म्हणाली नाही.

मामांनी टोपी काढली. त्यांनी काही बोलायचं ठरवलं होतं, रस्त्यात ओठ हलत होते. पण तोंड उघडायच्या आधी बनुबाई बोलायला लागली. ती खाली मान घालून बोलत होती, जमिनीकडं बघत. त्यामुळं मामांना तिचे ओठही दिसत नव्हते. ती आरडाओरडा करत नव्हती. थांबत होती, श्वास घेत होती, पुन्हा बोलत होती. शेजारच्या दोन घरांतल्या बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. एकीनं पदर डोळ्यांना लावला. शुभांगीला खाली बघावंसं वाटत होतं, पण ती मामांकडं बघत राहिली. ते टोपी दोन्ही हातांत धरून, ताठ, त्या म्हातारीच्या पांढऱ्या डोक्याकडं बघत उभे होते. मधेच निघून जायला त्यांना कुणी अडवलं नसतं. ती बोलायची थांबली आणि भिंतीला धरून घरात गेली, तेव्हाच ते हलले.

वस्तीच्या वाटेवर थोडं चालून आल्यावर ते थांबले आणि शुभांगीसमोर वळून उभे राहिले.

"काय म्हनल्या?"

"मामा, घरी गेल्यावर सांगते."

"आत्ता सांग. समदं सांग. वगळू नको."

वाटेवर माणसं होती. शेतात कांद्याची लागण चालली होती, बायका वाकून काम करत होत्या. शुभांगीनं एकदा तिकडं बघितलं आणि मग मोठ्यानं, बांधापलीकडं ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. म्हणाल्या, माझी लेक तुझ्या गाडीत झोपायची, दुसऱ्या कुणाच्या गाडीत तिला झोप लागत नसे. म्हणाल्या, तू आमच्यातला, म्हणून तिला कधी भ्या वाटलं नाही. म्हणाल्या, देवानं मला न्यायच्या वयात तू तिला नेलीस, आता मला पाणी कोण देणार, तू देणार का. म्हणाल्या, तुला तुरुंगात घालू नये, फाशी देऊ नये. तू जगावंस, लई वर्षं जगावंस, अन् कुणी तुझ्याशी बोलू नये.

शेतातल्या बायका उभ्या राहून बघत होत्या. शुभांगीचा घसा दुखत होता, खांदाही.

मामा तिच्या ओठांवरून नजर न हलवता उभे होते.

"मधलं ऱ्हायलं," ते म्हणाले. "पान्याचं काय म्हनल्या, ते परत सांग."

तिनं परत सांगितलं.